मुठेचा उतार, मुठेचे पूल: पुणे इतकी वर्षे एकाच काठावर का राहिले?

पुण्याचा एखादा जुना नकाशा पाहिला, तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, रविवार, नाना, भवानी या सगळ्या पेठा मुठेच्या एकाच अंगाला, म्हणजे उजव्या काठाला आहेत. पलीकडे, जिथे आज डेक्कन, शिवाजीनगर, फर्ग्युसन रस्ता आणि एरंडवणे आहे, तिथे शेते, मळे आणि दोन-चार खेड्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. अठराव्या शतकात हिंदुस्थानच्या राजकारणाचे निम्मे निर्णय ज्या गावात होत होते, त्या गावाने आपल्याच वेशीवरची नदी ओलांडून वस्ती केली नाही, हे जरा चमत्कारिकच आहे. शहर खऱ्या अर्थाने पलीकडे गेले ते विसाव्या शतकात. असे का झाले हे समजून घ्यायचे असेल, तर पुण्याकडे पेशव्यांची राजधानी किंवा विद्येचे माहेरघर म्हणून न पाहता नदीच्या उतारावर वसलेले एक गाव म्हणून पाहावे लागते.

उतार म्हणजे नदी पायी किंवा बैलगाडीने ओलांडता येईल अशी जागा. पूल नसलेल्या काळात कोणत्याही वाटेचे भवितव्य अशा जागांवर अवलंबून असे, आणि उतार कुठे मिळणार हे माणूस ठरवत नसे, नदीच ठरवत असे. जिथे पात्र रुंद होते तिथे पाणी पसरते, पसरले की उथळ होते आणि त्याचा जोर कमी होतो. त्यातच तळाशी चिखल किंवा वाळू नसून कातळ असेल तर जनावराचे पाऊल रुतत नाही आणि गाडीचे चाक फसत नाही. दख्खनचे पठार काळ्या बेसॉल्ट खडकाचे असल्यामुळे मुठेच्या पात्रात असा कातळ ठिकठिकाणी उघडा पडलेला आहे. आजही उन्हाळ्यात पाणी आटले की तो पुलांवरून सहज दिसतो.

दुसरी बाब पावसाची. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण मुठा आणि तिला येऊन मिळणाऱ्या आंबी, मोसी या नद्या सह्याद्रीच्या ज्या घाटमाथ्यावरून येतात, तिथे याच्या कित्येक पट पाऊस होतो. त्यामुळे शहरात ऊन पडलेले असतानाही नदी दुथडी भरून वाहू शकते. धरणे होण्यापूर्वी या नदीचे वागणे अगदी ठरलेले होते. वर्षाचे सात-आठ महिने ती घोट्याएवढ्या किंवा गुडघ्याएवढ्या पाण्यातून कोणालाही पलीकडे जाऊ देई आणि पावसाळ्यात वाट जवळजवळ बंद करून टाकी. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीला परतत, त्याचे एक साधे कारण नद्यांच्या या वेळापत्रकात आहे.

उतार कुठे होता हे शोधायला एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो: नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावे असतील, तर त्यांच्यामध्ये उतार असणारच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईपूर्वी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने याच तर्कावर आपले सगळे सैन्य पणाला लावले होते. केळणा नदीला जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत असताना त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इतक्या जवळच्या गावांतली माणसे एकमेकांकडे जात-येत असलीच पाहिजेत, असे म्हणून तो तिकडे वळला आणि उतार सापडला. याच वेलस्लीचे नाव पुढे पुण्यातल्या एका पुलाला मिळाले, त्याविषयी पुढे येईलच.

हाच ठोकताळा मुठेला लावला तर चित्र स्पष्ट होते. उजव्या काठावर कसबा पुणे, त्याच्या समोर डाव्या काठावर भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याच्या परिसराचा उल्लेख येतो, आणि भांबुर्ड्याच्या बाजूचे पाताळेश्वराचे लेणेही साधारण त्याच शतकातले मानले जाते. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी दोन्ही काठांवर माणसांचा वावर होता. कोकणातून बोरघाट चढून आलेली वाट, जुन्नरकडून येणारी वाट आणि पुढे सासवड, सातारा, सोलापूरकडे जाणाऱ्या वाटा यांना मुळा आणि मुठा कुठेतरी ओलांडाव्याच लागत. पुणे हे पहिल्यांदा अशा ठिकाणचे गाव होते, राजधानी ते फार नंतर झाले.

मग गाव उजव्या काठालाच का वाढले? याला दोन-तीन कारणे एकत्र लागू पडतात. नागझरी आणि आंबिल ओढा हे दोन्ही प्रवाह या काठाला मुठेला मिळत असल्याने जवळच्या पाण्याची सोय होती. भोसल्यांची पुणे-सुपे जहागीर आणि पुरंदर, सिंहगड हे किल्लेही याच अंगाला. शहाजीराजांच्या काळात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले आणि नंतर जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली ते पुन्हा वसले, तेव्हा लाल महाल कसब्यातच उभा राहिला. पुढे १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तोही त्याच्या शेजारीच. एकदा सत्तेचे घर एका काठाला आले की सरदारांचे वाडे, सावकार, बाजार, देवळे सगळे त्याच्याभोवती गोळा होते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी शहरात आणले आणि हौदाहौदांतून ते पेठांना मिळू लागले. हे पाणीही उजव्या काठाचेच होते. ज्याला पावसाळ्याचे चार महिने कचेरी, बाजार आणि हौद यांपासून तुटायचे नाही, तो पलीकडे घर कशाला बांधेल?

पुण्यातल्या ज्या पुलाचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे तो लकडी पूल १७६१ चा. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या संहारानंतर परतणाऱ्या सैन्याला शहरात येता यावे म्हणून नानासाहेबांनी तो घाईने, लाकडाचा बांधून घेतला अशी परंपरा आहे. हरलेल्या शिपायांना भर वस्तीतून यायची लाज वाटू नये म्हणून ही बाजूची वाट केली, अशीही एक कथा सांगितली जाते. लाजेची कथा हृद्य आहे खरी, पण मला साधे कारण अधिक पटते. नानासाहेबांचे निधन २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर झाले, म्हणजे हे सगळे उन्हाळ्याच्या अखेरच्या आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यांत घडते. उत्तरेकडून हजारो थकलेली, जखमी माणसे आणि जनावरे येत आहेत आणि नदी कोणत्याही दिवशी बंद होणार आहे. अशा वेळी दगडाच्या कमानी बांधत बसायला सवड नसते आणि लाकूड काही आठवड्यांत उभे करता येते. लाकडाचा तो पूल पुढे पुरात गेला, त्याच्या जागी दगडी पूल आला, त्याचे अधिकृत नाव आज संभाजी पूल आहे, तरी रिक्षावाल्याला मात्र लकडी पूलच सांगावा लागतो. आळंदी आणि देहूच्या पालख्या फर्ग्युसन रस्त्याने येऊन याच पुलावरून लक्ष्मी रस्त्याला लागतात आणि गणेश विसर्जनाची मिरवणूक याच्याच तोंडाशी, अलका टॉकीजच्या चौकात संपते.

पूल नसताना एखादा उतार राज्याचे भवितव्य कसे ठरवू शकतो, हे नोव्हेंबर १८१७ मध्ये दिसले. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याचे निवासस्थान मुळा-मुठेच्या संगमावर होते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली त्या दिवशी तो मुळा ओलांडून खडकीच्या सैन्याकडे गेला आणि मागे संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या सैन्याने जाळली. लढाईत बापू गोखल्यांच्या घोडदळाला इंग्रजांची फळी फोडता आली नाही, पण पुणे अजून पेशव्यांकडेच होते, कारण मध्ये नदी होती. जनरल स्मिथ कुमक घेऊन आला, त्याने येरवड्याच्या उतारावरून मुळा-मुठा ओलांडली आणि दुसरा बाजीराव दक्षिणेकडे निघून गेला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. शाळेच्या पुस्तकांत खडकीची लढाई ठळक अक्षरांत येते आणि येरवड्याचा उतार एखाद्या ओळीत उरकला जातो. शहर हातातून गेले ते मात्र त्या उतारावर.

इंग्रजांची गरज पेशव्यांपेक्षा वेगळी होती. त्यांनी एक लष्करी वस्ती शहराच्या पूर्वेला कॅम्पात केली आणि दुसरी मुठेपलीकडे खडकीला. या दोन छावण्यांमध्ये नदी होती, आणि तोफखान्याला पावसाळ्याची सुट्टी देता येत नाही. त्यामुळे त्यांचे महत्त्वाचे पूल जुन्या शहराच्या सोयीसाठी झालेच नाहीत. संगमाजवळचा वेलस्ली पूल, ज्याला आपण आता संगम पूल म्हणतो, आधी लाकडाचा होता आणि १८७५ मध्ये दगडी झाला. त्यावरून कॅम्प आणि स्टेशनची बाजू खडकी-मुंबईच्या रस्त्याला जोडली गेली. खंडाळ्यापासूनची रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला पोहोचली, तिनेही याच भागात नदी ओलांडली. बांधकाम खात्याला हाताखालची माणसे तयार करून देणारा एक अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला आणि त्याचेच पुढे संगमाच्या शेजारी अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. पूल शिकवणारी शाळा पुलाच्या उंबऱ्यावर असावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

पूर्वेकडे पाण्यासाठी बांधलेल्या एका बांधापासून गोष्ट सुरू होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंड, म्हणजे हा बांध, घातला गेला, तो १८५० मध्ये पुरा झाला, आणि त्याच्यामागे साठलेले पाणी कॅम्पाकडे चढवले जाऊ लागले. बंडाच्या काठी बाग झाली, ती बंडगार्डन. तिथेच १८६० च्या दशकाच्या अखेरीस फिट्झगेराल्ड पूल उभा राहिला आणि येरवडा कॅम्पाशी बारमाही जोडला गेला. डेक्कन कॉलेजची येरवड्याची इमारत १८६८ ची, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. संस्था आणि पूल पाठोपाठ येतात, कोण आधी आले यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

इथे उतार आणि पूल यांतला एक मूलभूत फरक सांगितला पाहिजे, कारण पुण्याच्या भूगोलाची गुरुकिल्ली त्यात आहे. उताराला रुंद, पसरट पात्र लागते. पुलाला नेमके उलटे हवे असते: पात्र जितके अरुंद तितकी लांबी कमी, काठ जितके उंच तितका चढ कमी, आणि पायाला कातळ मिळाला तर खांब पुराच्या पाण्याने खालून पोखरले जाण्याची भीती कमी. त्यामुळे जिथे शेकडो वर्षे लोक चालत गेले तिथेच पूल होईल असे नाही. कसबा आणि भांबुर्डे यांच्यामध्ये, कुंभारवेशीपाशी, प्रथम झाला तो बुटका दगडी बांधच. त्याच्या माथ्यावरून लोक ये-जा करत आणि पूर आला की तो पाण्याखाली जाई. सुधारलेला उतार म्हणता येईल असेच त्याचे स्वरूप होते. त्याच्या जवळ पुराच्या वर राहील असा मोठा पूल व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड याच्या नावाने तो लॉइड पूल म्हणून सुरू झाला, लोकांनी त्याला नवा पूल म्हटले, आणि आता तो शिवाजी पूल आहे. शंभरी उलटून गेली तरी जुनी माणसे त्याला नवा पूलच म्हणतात.

लकडी पूल दगडी झाल्यावर आणि विशेषतः नव्या पुलानंतर पुण्याचा तोल बदलला. फर्ग्युसन कॉलेज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पलीकडच्या माळावर गेले, १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला, त्याच्याभोवती बंगल्यांची वसाहत वाढली आणि पेठेतल्या वाड्यात जन्मलेली पिढी पलीकडे राहायला जाऊ लागली. पेठेतल्यांना डेक्कनवाले शिष्ट वाटणे आणि डेक्कनवाल्यांना पेठ कोंदट वाटणे, या पुणेरी भांडणाचा जन्म बहुधा याच काळातला असावा.

याच सुमाराला नदीही बदलली होती. खडकवासल्याचे धरण १८७९-८० च्या सुमारास पुरे झाले, त्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, आणि मुठेचे उन्हाळी पाणी कालव्यात गेले. शहरातली नदी एरवी ओढ्यासारखी झाली. ओढ्याची भीती कोणाला वाटत नाही, म्हणून काठावरची वस्ती पात्राकडे सरकत गेली.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी त्याची किंमत मोजावी लागली. आंबी नदीवरच्या पानशेत धरणाचे काम पूर्ण झालेले नसतानाच त्यात पाणी साठवले गेले होते. धरण मातीचे होते, त्याच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे बांधकाम कच्चे होते, आणि त्या मार्गाच्या आसपास भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याला येऊन पोहोचले आणि काही तासांत तेही धरण फुटले. लकडी पूल आणि नवा पूल दोन्ही बुडाले, नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे विरघळल्यासारखे बसले, आणि शहराचे दोन तुकडे झाले. ज्याची बायको-मुले पेठेत आणि कचेरी पलीकडे, त्याला दिवसभर घरचे काही कळायला मार्ग नव्हता. खडकवासला गेल्याने नळाचे पाणीही गेले आणि पेशवाईतले हौद व आड पुन्हा उपयोगी पडले. पूरग्रस्तांच्या वसाहती नदीपासून दूर, गोखलेनगर, सहकारनगर, पर्वतीचा पायथा अशा ठिकाणी झाल्या. म्हणजे शहर दुसऱ्यांदा नदीपासून लांब पसरले ते पुलामुळे नाही, पुरामुळे.

त्यानंतरच्या पुलांची नावे पुणेकरांना पाठ आहेत: म्हात्रे पूल, राजाराम पूल, एस. एम. जोशी पूल, दुचाकींचा झेड पूल. यांपैकी बहुतेक उंच आहेत, म्हणून त्यांच्याविषयी बोलण्यासारखे फार नाही. बोलण्यासारखा आहे तो भिडे पूल. हा डेक्कनजवळचा पूल मुद्दाम बुटका बांधलेला आहे. खेड्यापाड्यांत ज्याला फरशी पूल म्हणतात, त्याच जातीचा. असा पूल पाण्याखाली जातो हा त्याचा दोष मानला जातो, पण तो बुडणार हे धरूनच त्याची रचना केलेली असते. एरवीच्या पाण्यासाठी खाली मोकळ्या गाळ्यांची वाट असते आणि मोठे पाणी आले की ते पुलाच्या माथ्यावरून जाते. उंच पुलाला लांब चढ लागतो, जागा लागते आणि पैसा लागतो. फरशी पूल स्वस्तात आणि थोड्या जागेत होतो, वर्षाचे काही दिवस बंद ठेवावा लागतो एवढेच. पाणी ओसरल्यावर मात्र त्याच्या गाळ्यांत आणि कडेला अडकलेली जलपर्णी, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एखादी अख्खी फांदी महापालिकेच्या माणसांना काढावी लागते, तेव्हा कुठे रस्ता खुला होतो.

भिडे पूल बुडाला की पावसाळा लागला असे पुण्यात समजतात आणि लोक लकडी पुलाच्या कठड्याशी उभे राहून ते पाहतात. तो केव्हा बुडणार हे आकाशापेक्षा खडकवासल्याच्या दरवाजांवर जास्त अवलंबून असते. बातम्यांतले क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ हजार लिटर, पाण्याचे तीन-चार मोठे टँकर. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. आकडा मोठा होता, पण त्याहून मोठे विसर्ग मुठेने पूर्वी पाहिले आहेत. पात्राची रुंदी पूर्वीइतकी उरली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

कारण पूल नदी ओलांडतो, तसाच तो नदीला अडवतोही. प्रत्येक खांब पाण्याच्या वाटेतली थोडी जागा खातो, त्यामुळे खांबांच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून किंचित चढते. याला फुगवटा म्हणतात. एका पुलाचा फुगवटा थोडासा असतो. पण ओळीने अनेक पूल, पात्रातला रस्ता, काठावर टाकलेला राडारोडा आणि त्यावर चढलेल्या इमारती यांची बेरीज झाली की तेवढेच पाणी पूर्वीपेक्षा उंचीवर पोहोचते. म्हणून जलसंपदा विभाग नदीच्या नकाशावर दोन रेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोहोचेल ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोहोचेल ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्ही रेषांमध्ये निर्बंध, असा नियम आहे. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची चोवीस वर्षे निश्चिंत असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार एवढी असते आणि ती प्रत्येक पावसाळ्यात नव्याने लागू होते.

सप्टेंबर २०२४ पासून सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट अशी मेट्रो जमिनीखालून धावू लागली. शिवाजीनगरचे सिव्हिल कोर्ट स्थानक सोडले की पुढचे स्थानक कसबा पेठ, आणि या दोहोंमध्ये बोगदा मुठेच्या तळाखालून, कातळातून जातो. भांबुर्डे ते कसबा हीच ती जुनी वाट. तिच्यासाठी नदीत एकही खांब उभारावा लागला नाही, त्यामुळे फुगवटाही नाही. वनाझकडून येणारी दुसरी मेट्रो मात्र डेक्कनच्या बाजूला पात्राच्या कडेने खांबांवर जाते. त्या खांबांनी पुराची पातळी किती वाढेल यावरून पर्यावरणवाद्यांनी न्यायाधिकरणात धाव घेतली होती.